राज्यघटनेत न लिहिलेले हक्क: खासगीपणा सरळ लिहूनच का टाकत नाहीत?

टपालपेटी
राज्यघटनेचा तिसरा भाग, म्हणजे मूलभूत हक्कांचा, मागच्या आठवड्यात सलग वाचून काढला. समानता आहे, भाषणस्वातंत्र्य आहे, धर्म आहे, अस्पृश्यता नष्ट केल्याचं आहे. सरकारने किताब देऊ नयेत हेसुद्धा आहे. खासगीपणा मात्र कुठेच नाही.

तरी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कशाच्या आधारावर? मुख्यतः कलम २१. त्यात शब्द दोनच, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य. बाकी सगळं त्यातून काढलेलं.

निकाल मला आवडला, पद्धत खुपते. जे लिहिलेलं नाही ते न्यायाधीश वाचून दाखवणार असतील, तर उद्या दुसरे न्यायाधीश येऊन "आम्हाला नाही बुवा दिसत" म्हणू शकतात. एवढा महत्त्वाचा हक्क असेल तर संसदेने घटनादुरुस्ती करावी, कलम २१ख घालावं आणि विषय संपवावा. तुम्हाला काय वाटतं?

(विषय राजकीय करू नका ही विनंती. करणारच आहात, तरी विनंती.)

उगाचच
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निमिष७
धागाकर्त्याशी सहमत. न लिहिलेले हक्क म्हणजे न्यायाधीशांची मर्जी. कलम २१ मधून काय काय निघालं बघा: उपजीविका, स्वच्छ हवा, लवकर खटला, परदेशप्रवास. रामलीला मैदानाच्या २०१२ च्या निकालात तर शांत झोपेचा हक्कही आहे. पोतडीच आहे ती, हात घालाल ते निघतं.

अर्धवट_पुणेकर
झोपेचा हक्क मूलभूत आहे हे १ ते ४ या वेळेत आम्ही कधीपासून सांगतोय. न्यायालयाला २०१२ उजाडलं. (कृपया हलके घ्या)

काळा_कोट
@निमिष७, पोतडी म्हणा, पण हात घालण्यालाही शिस्त आहे. जरा मागून सांगतो, लांबेल.

१९५० साली गोपालन खटल्यात न्यायालयाची भूमिका अशी होती की कायदा केलाय ना, त्यातली कार्यपद्धती पाळलीय ना, मग कलम २१ चं समाधान झालं. कायदा चांगला की वाईट हे आम्ही बघणार नाही. १९७७ मध्ये मनेका गांधींचं पारपत्र सरकारने कारण न सांगता जमा करून घेतलं. १९७८ च्या त्या निकालात सात जणांच्या पीठाने गोपालनचा रस्ता सोडला: कार्यपद्धती नुसती असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी. आज ज्याला आपण पोतडी म्हणतो तिचं तोंड खऱ्या अर्थाने तिथे उघडलं.

आता खासगीपणा. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटला, आठ न्यायमूर्ती. एका उद्योगसमूहाच्या कागदपत्रांवरची झडती. न्यायालय जाता जाता म्हणालं, अमेरिकन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीसारखं (अवाजवी झडतीपासून संरक्षण) काही आपल्या घटनाकारांनी घातलेलं नाही, मग आम्ही ते ओढून ताणून आणू नये. १९६२ मध्ये खरक सिंग, सहा न्यायमूर्ती. हा माणूस दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, पण उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचं खातं उघडलं. रात्री-अपरात्री चौकीदार आणि हवालदार येऊन दार ठोठावायचे, हाका मारून उठवायचे, कधी ठाण्यावर चल म्हणायचे.

न्यायालयाने रात्रीच्या गृहभेटी रद्द केल्या. बाकीची पाळत मात्र चालू द्या म्हणाले, कारण खासगीपणा हा काही आपल्याकडे हमी दिलेला हक्क नाही. खासगीपणाचं संरक्षण न्यायालयाने कलम २१ मधून दिलंही आणि त्याच निकालात त्याचं नाव घ्यायला नकारही दिला! न्या. सुब्बा राव यांनी तेव्हाच वेगळं मत लिहिलं होतं की खासगीपणा हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचा आवश्यक भाग आहे. पुढे १९७५ चा गोविंद, १९९४ चा राजगोपाल, १९९६ चा फोन टॅपिंगचा निकाल, असं करत छोट्या पीठांनी हक्क मान्य केला. पण आठ जणांचा निकाल दोन-तीन जण कसा फिरवणार? २०१५ मध्ये आधारच्या सुनावणीत सरकारने नेमकं हेच बोट ठेवलं. म्हणून नऊ जण बसवावे लागले.

मर्जीने एका दुपारी ठरलं असं नाही. चोपन्नपासून सतरापर्यंत ६३ वर्षं घासाघीस झाली.

टपालपेटी
@काळा_कोट, प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. ६३ वर्षं नागरिकाला आपला हक्क आहे की नाही हेच माहीत नव्हतं. लिहिलेलं असतं तर खरक सिंगला सर्वोच्च न्यायालयात जायची वेळ आली नसती.

विदर्भकन्या
नऊ जणांत आमच्या नागपूरचे बोबडे होते याची नोंद घ्यावी.

अर्धवट_पुणेकर
चंद्रचूड, बोबडे, सप्रे. तीन मराठी आडनावं आणि तरी नऊ जणांचं एकमत! हा खरा घटनात्मक चमत्कार.

हेमाडपंथी
चंद्रचूडांचं निघालंच आहे म्हणून. १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की आणीबाणीत कलम २१ स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही. चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते, विरोधात एकटे एच. आर. खन्ना. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा तो निकाल गंभीरपणे सदोष होता असं लिहून मोडीत काढला. पुढच्या वर्षी व्यभिचाराच्या कलम ४९७ बाबतही तेच. वडिलांनी १९८५ मध्ये वैध ठरवलेलं, मुलाच्या पीठाने २०१८ मध्ये रद्द.

न लिहिलेल्या हक्कांच्या चर्चेत जबलपूर महत्त्वाचा आहे तो यासाठी: खन्नांचा मुद्दा असा होता की जगण्याचा हक्क घटनेने दिलेला नाही, तो घटनेच्या आधीपासून आहे. कलम २१ नसतं तरी कायद्याशिवाय माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य घ्यायचा अधिकार सरकारला नसता. आणि टपालपेटी, तेव्हा कलम २१ लिहिलेलंच होतं बरं का. अगदी छापील.

उगाचच
त्या दोघांच्या घरी रविवारच्या जेवणाला काय गप्पा होत असतील याचा विचार करतोय.

निमिष७
@हेमाडपंथी, चांगला मुद्दा. पण त्यावरचा उपाय पण लिहूनच झाला ना? १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं लिहिलं. म्हणजे लिहिणं कामाला येतं.

काळा_कोट
येतं की. आणि त्याच ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क खोडला, तो ३००क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून जाऊन बसला. एकाच दुरुस्तीत एक लिहिलेला हक्क पक्का झाला आणि दुसरा लिहिलेला हक्क गेला. लिहिलेलं खोडताही येतं.

आणखी एक. खासगीपणा कलम २१ च्या पोटात आहे म्हणूनच त्याला ४४ व्या दुरुस्तीचं कवच आपोआप मिळतं. शिवाय कलम १९ (भाषण वगैरे स्वातंत्र्यं) फक्त नागरिकांना, २१ कोणत्याही व्यक्तीला. तुमचं वेगळं २१ख झालं तर हे कवच त्याला लागू पडावं म्हणून कलम ३५९ मध्येही (आणीबाणीत हक्क स्थगित करण्याचं कलम) हात घालावा लागेल.

परदेशस्थ_पांडू
अमेरिकेत बसून सांगतो. इथे नववी दुरुस्ती आहे, १७९१ ची. आशय असा की घटनेत काही हक्क मोजले म्हणून लोकांचे उरलेले हक्क नाकारता येणार नाहीत. म्हणजे यादी अपुरी आहे हे यादीतच कबूल.

१९६५ मध्ये कनेक्टिकट राज्यात विवाहित जोडप्यांनाही गर्भनिरोधक वापरायला बंदी होती, ती ग्रिसवोल्ड खटल्यात गेली. न्या. डग्लस म्हणाले, लिहिलेल्या हक्कांच्या अवतीभवती एक सावलीचा पट्टा असतो, खासगीपणा त्यात येतो. न्या. गोल्डबर्ग यांनी नवव्या दुरुस्तीवर भर दिला. त्याच पायावर १९७३ मध्ये रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मिळाला. आणि २४ जून २०२२ ला डॉब्ज खटल्यात तो गेला. ४९ वर्षं! दोन पिढ्यांनी गृहीत धरलेला हक्क एका सकाळी नाही. कारण? घटनेत शब्द नाही, आणि देशाच्या इतिहासात त्याची खोल मुळंही नाहीत.

तेव्हा टपालपेटींची भीती काल्पनिक नाही. आम्ही इथे ती बघितली. नववी दुरुस्ती असूनही.

टपालपेटी
@परदेशस्थ_पांडू धन्यवाद. हेच म्हणत होतो.

शमीची_पानं
इतका वेळ वाचतेय. सगळे सरकार विरुद्ध नागरिक एवढ्यावरच बोलताय. बायकांना खासगीपणाचा पहिला अनुभव घरात येतो, आणि बहुतेकदा नसण्याचाच येतो.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ घ्या. जोडीदार कारण नसताना सोडून गेला तर दुसरा न्यायालयात जाऊन "परत नांदायला या" असा हुकूम मागू शकतो. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम रद्द ठरवलं. बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय तिचा, राज्यसंस्थेने तिला नवऱ्याच्या खोलीत ढकलू नये, असा निकालाचा रोख. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात तेच कलम वैध ठरवलं. तेही न लिहिलेल्या हक्काचंच भांडण होतं, आणि आपण हरलो. कलम ९ अजून आहे.

दुसरं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायकोचे फोन नवऱ्याने गुपचूप रेकॉर्ड केले असतील तरी घटस्फोटाच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालतील. युक्तिवाद काय, तर जोडीदारावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणजे लग्न आधीच मोडलेलं आहे. माझ्या मैत्रिणीला हे वाचल्यावर पहिला प्रश्न पडला की आता घरात आईशी फोनवर बोलायचं कुठे. गॅलरीत जाते ती. तिथेही खालच्या मजल्यावर ऐकू जातं.

उलट बाजूही आहे. "आमच्या घरातला खासगी मामला" म्हणूनच मारहाण वर्षानुवर्षं झाकली गेली. म्हणून घटनेत लिहायचाच असेल तर माणसाचा खासगीपणा लिहा, घराचा नको.

विदर्भकन्या
+१ शमी. यात भर. महाराष्ट्रातलाच मर्डीकर खटला. पोलीस निरीक्षक गणवेशात रात्री एका बाईच्या घरी गेला, तिने विरोध केला, तक्रार केली. बडतर्फ झाल्यावर त्याचा बचाव काय, तर बाईचं चारित्र्य असं-तसं आहे. उच्च न्यायालयाने त्याच मुद्द्यावर त्याला दिलासा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चारित्र्य काहीही असो, तिच्या खासगीपणावर कुणी वाटेल तेव्हा चालून येऊ शकत नाही. तेव्हा खासगीपणा लिहिलेला नव्हता आणि नऊ जणांचा निकालही नव्हता. तरी मिळाला.

उगाचच
आता माझा प्रश्न, एकदम खालच्या पातळीवरचा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा. समोरच्यांनी दारावर कॅमेरा लावलाय, तोंड बरोबर आमच्या दाराकडे. आमची कडी वाजली की त्यांच्या मोबाईलवर सूचना जाते. सासूबाई दुधाची पिशवी घ्यायला दार उघडण्याआधी आरशात बघून येतात. परवा लिफ्टमध्ये समोरच्या काकांनी मला विचारलं, "काल रात्री साडेबाराला कुठे होता?" कलम २१ माझ्या मजल्यापर्यंत येतं का?

अर्धवट_पुणेकर
कुठे होता साडेबाराला?

शमीची_पानं
हो, सांगूनच टाका आता.

काळा_कोट
@उगाचच, मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. समोरचे काका म्हणजे राज्यसंस्था नव्हेत, वागत तसे असले तरी. २०२३ च्या जानेवारीत घटनापीठाने चार विरुद्ध एक बहुमताने सांगितलं की कलम १९ आणि २१ खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, पण ते प्रत्यक्षात कसं चालेल हे अजून मुरायचंय.

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदाही कामाचा नाही, कारण व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेली नोंद त्यातून वगळली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ङ शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल आहे. सासूबाई दूध घेताना त्यात बसत नाहीत. तेव्हा आधी सोसायटीकडे लेखी अर्ज: सामाईक जागेत कॅमेऱ्याचा कोन बदला. नाही ऐकलं तर उपद्रवाचा दिवाणी दावा. घटनापीठाकडे शेवटी.

माहितीवाला
धाग्याच्या मूडला पाणी घालतो. खासगीपणा, खासगीपणा म्हणून नाचताय, पण आमच्यासारख्या माहिती अधिकारवाल्यांना हा शब्द ऐकला की धडकी भरते.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) आधी असं होतं: माहिती वैयक्तिक असेल, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा उघड केल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तर नाकारा, व्यापक जनहित असेल तर द्या. शिवाय अशी पुस्तीही होती की जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारू नये. २०२३ च्या विदा कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं उडवलं. आता फक्त "वैयक्तिक माहिती" एवढंच. कलम ८(२) मध्ये जनहिताचा मुद्दा अजून आहे, पण तो पटवून देण्याचं ओझं आपल्यावर.

मी आमच्या तालुक्यात एका रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली होती. त्यात अभियंत्याची सही, ठेकेदाराचं नाव. उत्तर आलं, वैयक्तिक माहिती आहे. रस्ता वैयक्तिक!

आणि याच कायद्याच्या १७(२) नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून मोकळं ठेवू शकतं. नागरिकाने मागितलं की खासगीपणा आणि सरकारला हवं असलं की सूट. संसदेने लिहिलेला खासगीपणा कसा दिसतो त्याचा हा नमुना, टपालपेटी. बघा आवडतोय का.

निमिष७
याला राजकीय वळण म्हणतात.

माहितीवाला
कलम क्रमांक सांगणं राजकीय असेल तर आहे.

हेमाडपंथी
भांडू नका. मूळ प्रश्नाला इतिहासाचं एक पान. घटनाकारांना खासगीपणा सुचलाच नव्हता असं नाही. मार्च १९४७ मध्ये क. मा. मुन्शींच्या मसुद्यात घर अभंग राहण्याचा आणि पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. बाबासाहेबांच्या त्याच वर्षीच्या निवेदनात अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण होतं. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी हरकत घेतली: पोलीस तपास कसा होणार, खटले कसे चालणार. ते कलम गळालं. १९५४ च्या निकालाने त्या गळण्यावर बोट ठेवलं. २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, झडतीबद्दलचं एक कलम गळालं म्हणून खासगीपणाची अख्खी कल्पनाच नाकारली असं होत नाही.

निमिष७
पटत नाही. चर्चा झाली आणि वगळलं, म्हणजे नाकारलंच. आणि २०२३ च्या विवाह समानतेच्या (समलिंगी विवाहाच्या) खटल्यात पाचही न्यायमूर्ती म्हणाले की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही. खासगीपणा दिसतो आणि लग्न दिसत नाही? पोतडीत कुणाचा हात आहे यावरच सगळं, हाच माझा पहिला प्रतिसाद होता.

शमीची_पानं
@निमिष७, ही विसंगती मलाही टोचते. फक्त तुम्ही म्हणता हात कमी घाला, मी म्हणते नीट घाला.

शांताराम_मास्तर
नमस्कार. फारसा लिहीत नाही, पण मूळ प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे घडून गेलंय आणि ते माझ्या धंद्यातलं आहे.

शिक्षणाचा हक्कही मूळ घटनेत मूलभूत हक्क म्हणून नव्हता, मार्गदर्शक तत्त्वांत (ज्यांच्या अंमलासाठी न्यायालयात जाता येत नाही) होता. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधून तो काढला: प्रत्येक मुलाला चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. आता हा हक्क लिहूनच टाका अशी मागणी झाली, आज टपालपेटी म्हणतात तशीच. २००२ मध्ये ८६ वी दुरुस्ती झाली, २१क आलं. आम्ही शिक्षक लोकांनी आनंद केला.

मग वाचलं. त्यात आहे "सहा ते चौदा". शून्य ते सहा वयाची मुलं कलम ४५ मध्ये, म्हणजे परत मार्गदर्शक तत्त्वांत जाऊन बसली. न्यायालयाने दिलेलं लिहिताना सहा वर्षांची पोरं बाहेर राहिली. अंमलबजावणीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून, म्हणजे आणखी सात-आठ वर्षांनी. पहिलीत पोरं पेन्सिल कशी धरायची हे न शिकता येतात, शेजारच्या बाकावरचं इंग्रजी बालवाडी करून आलेलं असतं. मी हे रोज बघितलंय. फरक पडला तो तिथे.

लिहिल्याचा फायदाही झाला, नाकारत नाही. निधी आला, खासगी शाळांत २५ टक्के जागा आल्या, पालकाला बोट ठेवायला कलम मिळालं. पण लिहायला घेतलं की कात्री सोबत येते.

काळा_कोट
मास्तर, _/\_. यात एवढंच जोडतो की भाषणस्वातंत्र्य घटनेत अगदी ठळक लिहिलेलं आहे, आणि १९५१ मध्ये, घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, पहिल्याच दुरुस्तीने १९(२) मधली बंधनांची यादी वाढवली. खासगीपणाला आज बंधनांची यादी नाही, कसोटी आहे: कायदा हवा, हेतू वैध हवा, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच कसोटीवर फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. यादी असती तर सरकारी वकिलाने "सार्वजनिक सुव्यवस्था" एवढे दोन शब्द दाखवले असते.

टपालपेटी
मास्तरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सहा ते चौदा हे माहीत होतं, पण त्याआधी काय होतं हे जोडून बघितलं नव्हतं.

तरी माझी मागणी पूर्ण सोडत नाही. २१ख नको, ठीक. पांडू म्हणाले तशी नववी दुरुस्ती आपल्याकडे आणली तर? "या भागात उल्लेख नाही एवढ्याच कारणाने कोणताही हक्क नाकारला जाणार नाही." एक ओळ. कात्री लावायला जागाच नाही.

परदेशस्थ_पांडू
आमच्याकडे ती ओळ २३० वर्षं आहे हो. डॉब्जच्या दिवशीही होती.

निमिष७
आणि त्या ओळीत काय बसतं हे कोण ठरवणार? न्यायाधीशच.

माहितीवाला
संसदेवर सोडलं तर काय होतं ते वर लिहिलंय.

विदर्भकन्या
नऊ जणांचा निकाल फिरवायचा तर त्याहून मोठं पीठ, बहुधा अकरा जण लागतील. ते तरी सोपं नाही. मला सध्या तेवढं पुरतं.

उगाचच
सोसायटीकडे अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले सभेत मांडू, पण अर्जदार रात्री साडेबाराला कुठे होता हेही इतिवृत्तात घ्यावं लागेल अशी समोरच्यांची उपसूचना आहे.

काळा_कोट
उपसूचना फेटाळा. कायदा नाही, हेतू वैध नाही, प्रमाण तर नाहीच.